अंदाजे सज्ज

शाळेने छटाकच्या कागदावर 'अनिर्णित' असा शेरा मारला आणि साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नेमकी किती गेली, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं. मोजल्याशिवाय काही सांगायचं नाही, हा त्यांचा नेम होता. साहेब वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानोदुकानी फिरायचं, काटे तपासायचे, खऱ्या काट्यावर शिक्का मारायचा आणि खोटा जप्त करायचा, हे त्यांचं काम. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठ वळली की 'तराजू' म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण तसं दाखवणं हुद्द्याला शोभलं नसतं.

छटाक ही त्यांची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा अगदीच मूठभर होती, म्हणून तिची आत्या म्हणाली, "छटाकभर तर पोर आहे!" आणि तेच नाव चिकटलं. साहेबांनी त्याच दिवशी हरकत नोंदवली होती. "अगं, छटाक हे माप कायद्याने केव्हाच रद्द झालंय. माझ्याच घरात बेकायदेशीर माप? बाहेर कळलं तर?" आत्या म्हणाली, "मग किलोत हाक मार." हा खटला साहेब तिथल्या तिथे हरले.

पण नाव सोडलं तर बाकी मुलीची घडण त्यांच्याच हातची. घरात 'असेल', 'वाटतं', 'साधारण' हे शब्द शिव्यांच्या बरोबरीचे. बायकोने एकदा फोनवर बहिणीला 'चिमूटभर मीठ घाल' म्हटलं, तर हे शेजारून म्हणाले, "कोणाची चिमूट?" बायको इस्पितळात नर्स होती, माणसं सांभाळायची तिला सवय होती, म्हणून संसार टिकला. छटाक मात्र बापाचं सगळं बोलणं वेदवाक्य मानत असे. भूक लागली का, असं विचारलं तर ती पोटाला हात लावून आधी खात्री करून घ्यायची आणि मग हो म्हणायची.

अशा मुलीला पहिलीत घालायला नेलं, आणि शाळेने तिची 'सज्जता चाचणी' घेतली.

सज्जता म्हणजे मूल शाळेत बसायला तयार आहे की नाही, ते पाहणं. साहेबांना कल्पना पटली होती. माल घेण्याआधी तपासून घ्यावा, यात गैर काय? पण तपासणीत घडलं ते असं. परीक्षक बाईंनी एक चित्र दाखवून विचारलं, "यात जड काय? दगड की पीस?" छटाक म्हणाली, "दोन्ही कागदाचेच आहेत." बाईंनी दोन पेले दाखवले, एक उंच आणि एक बुटका पण रुंद. "पाणी कशात जास्त आहे?" छटाक म्हणाली, "मोजल्याशिवाय सांगता येणार नाही." बाईंनी चुचकारलं, "अगं, अंदाजे सांग ना बाळा." छटाकने मान हलवली. "अंदाजे सांगायचं नसतं." पुढे बाई जे जे विचारत गेल्या, त्याला हे एकच उत्तर. बाईंचा कागद कोरा राहिला आणि शेवटी त्यांनी शेरा लिहिला, 'प्रतिसाद नाही. अनिर्णित.'

"प्रतिसाद नाही?" साहेब घरी येऊन गरजले. "यापेक्षा चांगला प्रतिसाद मी तीस वर्षं मुरलेल्या दुकानदाराकडूनही ऐकलेला नाही! आणि ही चाचणी म्हणजे तरी काय? माझ्या पोरीला मापायचं तर आधी तुमचं माप दाखवा! त्याची पडताळणी कधी झाली? शिक्का कुठाय?"

"अहो," बायको म्हणाली, "शिक्का नंतर शोधा. समोरच्या काकूंचा नातू पहिलीत जाणार आणि आपली पोर अजून वर्षभर बालवर्गात मणी ओवत बसणार. तिची एकुलती एक मैत्री आहे ती. तिला काय सांगायचं, ते आधी ठरवा."

साहेबांनी बाहेर पाहिलं. छटाक गॅलरीत त्या नातवाशी दप्तराच्या रंगाविषयी बोलत होती. तिने लाल ठरवला होता. साहेबांच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते किती हललं हे मोजायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते रजा टाकून शाळेच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली.

"फेरचाचणी नाही मिळणार."

"का?"

"फेरचाचणी 'सज्ज नाही' असलेल्या मुलांची होते. तुमची मुलगी 'अनिर्णित' आहे."

"म्हणजे ती नापास झाली असती तर चाललं असतं?"

"तर काहीच अडचण नव्हती," कारकून सहानुभूतीने म्हणाला. "आता एकच उपाय. मुलगी सज्ज नाही, असं तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून द्या. मग तिला 'सज्ज नाही' धरता येईल, आणि सज्ज नाही म्हटल्यावर फेरचाचणी तिच्या हक्काची."

साहेबांनी आजवर कित्येक व्यापाऱ्यांकडून कबुलीजबाब लिहून घेतले होते. आपल्यावर ही पाळी येईल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. पेन हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. मागची रांग चुळबुळायला लागली. डोळ्यांपुढे ते लाल दप्तर होतं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'माझी मुलगी शाळेसाठी सज्ज नाही.' मग पुन्हा पेन टेकवलं आणि वाक्याच्या शेवटी एक शब्द जोडला, 'अंदाजे.' हा शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदा लिहिला होता, आणि तोही निषेध म्हणून. कारकुनाने तो वाचला, पण त्याची जेवणाची वेळ झाली होती.

झालं! आता पोरीला अंदाज शिकवायचा होता. आणि शिकवणार कोण, तर ज्याने स्वतः उभ्या हयातीत अंदाज केला नाही तो माणूस. बहिऱ्याने मुक्याला गाणं शिकवावं, तशातली गत.

साहेबांनी बटाट्यापासून सुरुवात केली. "सांग, हा बटाटा किती वजनाचा?" छटाकने बटाटा निरखला, बापाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरातून काटा घेऊन आली. साहेबांच्या डोळ्यांत अभिमानाने पाणी आलं. बायकोने काटा काढून घेतला आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केला. त्या घरात काट्याला कुलूप लागल्याची बातमी जिन्यावरून खाली पोचायला वेळ लागला नाही, आणि मग सल्ले सुरू झाले. शेजाऱ्यांचं एक बरं असतं. मागितलेली साखर द्यायला त्यांना आठवण करावी लागते, न मागितलेला सल्ला मात्र घरपोच मिळतो.

तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "घरात बसून अंदाज येत नसतो साहेब. मुलीला बाहेर काढा. जिवंत माणसांवर सराव द्या." समोरच्या काकू म्हणाल्या, "आमच्या नातवाचं बघा. विचारलं की फटकन उत्तर! चुकतं, पण फटकन. पोराच्या जिभेला धार पाहिजे." चौथ्या मजल्यावरचा विमा एजंट म्हणाला, "आत्मविश्वास! मी पंचवीस वर्षं लोकांचं आयुष्य किती उरलंय ते सांगतोय. मला काय ठाऊक असतं? काही नाही. पण मी अडखळत नाही."

साहेबांना यातलं काहीही पटलं नाही, आणि त्यांनी सगळं केलं. गरजवंताला अक्कल नसते, हे त्यांना पाठ होतं. गरजवंत आपणच आहोत, एवढंच लक्षात येत नव्हतं.

सरावाचा पहिला बळी काकू. त्या दारात निवांत बोलत उभ्या होत्या. साहेब म्हणाले, "छटाक, काकूंचं वय किती असेल? फटकन सांग." काकू हसल्या, केस सारखे केले. गेली कित्येक वर्षं त्या बिल्डिंगभर बासष्ट सांगत आल्या होत्या. छटाकने त्यांच्या हातांकडे पाहिलं, मानेकडे पाहिलं आणि म्हणाली, "एकाहत्तर."

काकूंचा हात केसांतच राहिला. साहेबांनी तिथेच विषय बदलायचा होता. पण काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचायची त्यांना खात्यातली सवय. काकूंच्या हातातल्या औषधाच्या पुडीवर चिठ्ठी होती, तिच्यावर वय छापलेलं होतं, आणि साहेबांची नजर तीक्ष्ण. "बरोब्बर!" ते आनंदाने ओरडले. काकूंनी दार इतक्या जोरात लावलं की साहेबांची नावाची पाटी तिरकी झाली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पण छटाकला गंमत कळली होती. अंदाज म्हणजे मोठ्या माणसांकडे टक लावून पाहायचं आणि एक आकडा म्हणायचा. मग ती माणसं वेगवेगळे चेहरे करतात. मण्यांपेक्षा हे कितीतरी बरं. ती दिसेल त्याचं वजन, वय आणि पगार सांगत सुटली. मास्तरांना तिने त्यांच्या टोपाखाली केस किती आहेत, ते सांगितलं. मास्तरांनी जिवंत माणसांवर सराव द्यायचा आपला सल्ला तत्काळ मागे घेतला.

मग लिफ्टचं प्रकरण झालं. सकाळी लिफ्ट भरली होती, सगळे कामावर निघालेले. छटाकने आत सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली, भिंतीवरचा कमाल वजनाचा आकडा वाचला आणि विमा एजंटला म्हणाली, "काका, तुम्ही उतरा. तुमच्यामुळे जास्त होतंय." एजंट हसून म्हणाला, "बाळ, माझं वजन फक्त सत्तर आहे." छटाक म्हणाली, "शहाण्णव." लिफ्टमधल्या सगळ्यांनी एजंटच्या पोटाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आकड्याकडे, आणि मग कोणी काही न बोलता दाराच्या बाजूला त्याच्यासाठी वाट केली. बिचारा जिन्याने गेला. संध्याकाळी तो साहेबांच्या दारात उभा. "साहेब, माझ्या स्वतःच्या पॉलिसीत मी सत्तर लिहिलंय. उद्या कंपनीतल्या कोणाला हे कळलं तर?" साहेब म्हणाले, "मग मोजून घेऊ." एजंट पुन्हा जिन्याने गेला, या वेळी धावत.

इकडे ऑफिसातही लागण पोचली. मदतनिसाने विचारलं, "साहेब, या पोत्यात किती असेल?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "असेल पन्नासेक." मदतनिसाने त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि घरून कोणाला बोलावू का, म्हणून विचारलं.

या सगळ्याने साहेबांची अब्रू गेली, पण ती गेल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. फेरचाचणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सहज विचारलं, "छटाक, आपल्या बादलीत पाणी जास्त मावतं की त्या पिंपात?" ती चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "बादलीत."

"कशावरून?"

"कशावरूनच नाही. असंच सांगितलं. फटकन." आणि शाबासकीसाठी तिने वर पाहिलं.

साहेबांनी शाबासकी दिली, पण त्यांचा हात जड झाला होता. पारड्याखाली चुंबक चिकटवणारे दुकानदार त्यांनी अनेकदा पकडले होते. काटा मुळात खरा असतो, त्याला खोटं बोलायला शिकवावं लागतं. आपण आपल्याच पोरीच्या पारड्याखाली चुंबक लावलं, असं त्यांना वाटलं, आणि फार वाईट वाटलं. त्यांनी बायकोला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "आता उद्याचा दिवस जाऊ दे. चुंबक नंतर काढू." त्यावर त्यांना धड हो म्हणता येईना आणि धड नाही म्हणता येईना.

फेरचाचणीच्या खोलीत सगळं सामान लहान मुलांच्या मापाचं. साहेब आणि बायको मागच्या दोन इवल्याशा खुर्च्यांत बसले. बायको बसली. साहेब त्या खुर्चीत शिरले, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. खुर्चीचे दोन्ही हात त्यांच्या कमरेला घट्ट बसले होते.

छटाकने घोडदौड सुरू केली. जड काय? "दगड!" वेगळं काय? "हे!" मोठं काय? "ते!" परीक्षक बाई खूश होऊन भराभर बरोबरच्या खुणा करत होत्या. मग त्यांनी पेले काढले, तेच दोन, लाल पाणी भरलेले. "कशात जास्त?"

"उंच!" छटाक फटकन म्हणाली.

"शाब्बास!" बाईंनी खूण केली.

"शाब्बास कशाला?" मागून आवाज आला. "मोजल्याशिवाय सांगितलं, म्हणजे चुकलंच ते."

बायकोने साहेबांच्या बाहीला धरलं. "अहो, बसा." पण साहेब उठले होते. त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली.

"अहो, बरोबर-चूक असं नसतं या वयात," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "इथे आम्ही फक्त आत्मविश्वास बघतो. मुलीने न घाबरता उत्तर दिलं. मागच्या वेळी ती बोललीच नव्हती."

"मागच्या वेळी ती खरं बोलली होती!" साहेबांचा आवाज चढला. "तेव्हा तुम्ही 'प्रतिसाद नाही' लिहिलंत. आज उचलली जीभ लावली टाळ्याला, तर शाब्बास! माझ्या मुलीचा तो गुण कापा."

"काय?"

"गुण कापा, म्हणतोय मी!"

आवाज ऐकून मुख्याध्यापिका आल्या. त्यांच्यामागे, दाराच्या फटीत, रांगेतल्या पालकांचे डोळे. मुख्याध्यापिकांनी कमरेला खुर्ची लागलेल्या त्या गृहस्थांकडे नीट पाहून घेतलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे लोक गुण वाढवून मागायला येत होते. "तुमचं म्हणणं असं," त्या सावकाश म्हणाल्या, "की तुमच्या मुलीला कमी गुण द्यावेत?"

"कमी नकोत. बरोबर द्या."

परीक्षक बाईंनी बेरीज केली आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, मुलगी अगदी काठावर आहे. हा एक गेला तर ती सज्ज होत नाही."

बायकोने डोळे मिटले. साहेबांना लाल दप्तर दिसलं, गॅलरीतला नातू दिसला, अजून वर्षभराचे मणी दिसले. पण ते म्हणाले, "कापा. खोट्या मापाने घेतलेला माल मला घरात नको. आणि पोरी, यात तुझी चूक काही नाही. फटकन बोलायला मीच शिकवलं. ते चुकीचं शिकवलं."

छटाक एकदा बापाकडे पाहत होती, एकदा पेल्यांकडे. मग म्हणाली, "बाबा, मग मोजूया का?"

कोणाच्या परवानगीची वाट न पाहता तिने आपली पाण्याची बाटली उघडली, घटाघट रिकामी केली, तोंड पुसलं. उंच पेल्यातलं लाल पाणी तिने बाटलीत ओतलं, जिथवर आलं तिथे टेबलावरच्या खडूने रेघ मारली आणि पाणी परत पेल्यात ओतलं. त्यातलं थोडं टेबलावर गेलं, थोडं परीक्षक बाईंच्या पुस्तिकेवर. मग बुटक्या पेल्यातलं ओतलं. ते रेघेच्या बरंच वर गेलं. छटाक वाकली, डोळा पाण्याच्या पातळीला आणला, बाप आणायचा तसा, आणि म्हणाली, "बुटक्यात जास्त. मघाशी मी चुकीचं सांगितलं."

परीक्षक बाई ओली पुस्तिका झटकत म्हणाल्या, "मॅडम, 'मी चुकीचं सांगितलं' याला पुस्तिकेत रकाना नाही."

"मग रकाना आखा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "साहेब, तुमच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या उत्तराचा गुण कापते. आणि या दुसऱ्या उत्तराचा देते. चालेल?"

साहेबांनी मनात बेरीज करून पाहिली, दोनदा. "चालेल," ते म्हणाले, आणि एकदम खाली बसले. खुर्ची तयारच होती.

ती काढायला मात्र शिपाई, बायको आणि दारातले दोन पालक लागले. मग कचेरीत कारकुनाने निकालाचा कागद खिडकीतून सरकवला. 'विद्यार्थिनी शाळेसाठी सज्ज.' बायकोने तो छातीशी धरला. मग तिची नजर खाली गेली आणि तिला हसू आवरेना. खाली मुख्याध्यापिकांच्या अक्षरात एक ओळ होती, 'वडील अद्याप शाळेसाठी सज्ज नाहीत.'

"हे काय?" साहेबांचे कान लाल झाले. "कुठली चाचणी घेतली माझी? कोणत्या मापाने?"

छटाकने कागदावर बोट ठेवलं. "बाबा, हे त्यांनी मोजून लिहिलंय?"

"मुळीच नाही!"

"मग अंदाजे लिहिलंय."

साहेब तडक खिडकीपाशी परतले आणि कारकुनाकडे पेन मागितलं. "साहेब, खाडाखोड चालणार नाही," कारकून घाईघाईने म्हणाला. साहेब म्हणाले, "खोडत कुठे काय आहे? भर घालतोय." आणि मुख्याध्यापिकांच्या ओळीपुढे त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अंदाजे.' खाली सही ठोकली, खात्यात ठोकतात तशी.

मग तिघं दप्तराच्या दुकानाकडे निघाली.

"बाबा, त्यांनी तुला खरंच मोजलं असतं तर काय आलं असतं?"

साहेब चालता चालता थांबले. खोटं बोलणं शक्य नव्हतं, आजच्या दिवशी तर नाहीच.

"तेच आलं असतं," ते म्हणाले. "पण मोजायला हवं होतं."